चोरटा श्वास

क्लॅरिनेटवाल्याच्या डोक्यात काही केल्या प्रकाश पडत नव्हता. कार्डिओग्राम ठीक, इको ठीक, छातीत कधी साधी कळ नाही. मग हृदयाचा एमआरआय कशाला? आजार सापडत नाही म्हणून आणखी मोठं यंत्र आणायचं, हा कुठला न्याय?

"मधुमेह जुना आहे तुमचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तो हृदयाच्या स्नायूत गुपचूप बदल करतो. बाकीच्या तपासण्यांत ते सुरुवातीला दिसत नाहीत. जिना चढताना धाप लागते?"

"छे!" तो ठसक्यात म्हणाला. शेजारी बसलेल्या बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

या ठसक्यालाही कारण होतं. वाद्यवृंदाच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्याच्या एका लांबलचक सुराने व्हायची. गालांत हवा साठवायची, ती गालांनीच वाद्यात ढकलत असताना नाकाने नवी आत ओढायची; सूर तुटतच नसे. लोक तोंडात बोट घालायचे. उद्या हृदयाचा रोगी असा शिक्का बसला, तर तो सूर शेजारच्या खुर्चीवरच्या वादकाकडे जाणार, आणि तो तर टपूनच बसलेला. आपला हा सूर गेला तर आपण उरलो कशाला, असं त्याला अगदी खरोखर वाटे.

तर स्वारी अंगठी-घड्याळ काढून, छातीवर तारा आणि पोटावर पट्टा बांधून त्या बोगद्यात आडवी झाली. यंत्राने ठोकाठोक सुरू केली. कानांवरच्या हेडफोनमधून तंत्रज्ञ मुलीचा आवाज आला, "काका, श्वास घ्या... सोडा... आता थांबा."

तो थांबला. आयुष्यभर श्वासावरच तर पोट भरलं होतं त्याने!

"काका, थांबला नाहीत तुम्ही. चित्र पुसट आलंय."

"थांबलो की!"

पुन्हा घ्या, सोडा, थांबा. पुन्हा पुसट. मग पुन्हा. आता त्याचं डोकं भणाणलं. ही पोरगी खोटं बोलत नसणार, आणि आपणही खोटं बोलत नाही. मग खोटं बोलतंय कोण?

शेवटी ती आत आली. "काका, पोटावरचा पट्टा सांगतोय, तुम्ही मधेच छोटे छोटे श्वास घेताय."

"अगं, मी क्लॅरिनेट वाजवतो. वाजवताना घेतो तसे. पण आत्ता कुठे वाजवतोय?"

"तेच तर. आत्ता वाजवत नाही आहात."

पूर्वी हे कसब फक्त त्या एका सुरासाठी राखून ठेवलेलं असायचं. मग हल्ली साध्या, चार स्वरांच्या ओळीतही तो नाकाने चोरून हवा का घेत होता? फोनवर बोलताना? जेवताना? आणि हे सुरू कधी झालं? आठवेना. इतरांना फसवता फसवता आपण स्वतःलाच बनवलं की काय, या विचाराने तो घाबरला.

"नाक चिमटीत धरून बघू या?" मुलगी म्हणाली.

त्याने नाक धरलं, श्वास सोडला आणि थांबला. छाती आतून धडका मारू लागली. हवा हवी होती, लगेच हवी होती. तरी त्याने चिमूट सोडली नाही.

"आलं, काका! स्वच्छ आलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि बायकोला पडद्यासमोर बसवलं. "हृदय आवळतं छान. पण सैल व्हायला कुरकुर करतंय. स्नायूत चिवट धागे वाढायला लागलेत. सुरुवातीलाच कळलं हे बरं. साखर ताब्यात ठेवायची, मी देते ती औषधं घ्यायची."

"म्हणजे हृदय चांगलं आहे की वाईट?"

"सध्या दोन्ही."

"हे काय उत्तर झालं?" तो चिडला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "आणि वाजवणं?"

"वाजवा. पण दम लागला की थांबायचं. झाकायचा नाही. लोकांना दिसला तर दिसू दे."

घरी येताना जिन्याच्या मध्यावर त्याची पावलं अडली. सवयीने तो पायाकडे वाकला.

"अहो," बायको म्हणाली, "चपलेला नाडी असते का कधी?"

तो वाकलेलाच राहिला. म्हणजे हिला ठाऊक होतं. इतके दिवस तो नसलेल्या नाड्या बांधत होता आणि ही पिशवी धरून वरच्या पायरीवर उभी राहत होती.

तो सावकाश सरळ झाला, कठड्याला टेकला आणि तोंड उघडून, चांगला आवाज करत त्याने श्वास घेतला.

"दम लागलाय गं," तो म्हणाला.

हसावं की रडावं ते तिला कळेना. ती दोन पायऱ्या उतरून त्याच्याजवळ आली आणि तिथेच, जिन्यात, बसली.