झुलेखाच्या काफ्तानाचा रंग

विदादचं पत्र आलं तेव्हा झाडावरची डाळिंबं कच्ची होती. ती पिकली, बाजारात आली, संपत आली, तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

विदाद माझी भाची, परदेशात लिऑनला असते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "मामा," तिने लिहिलं होतं, "आईचा लग्नातला फोटो तुमच्याकडे आहे. तो छापून पाठवा. लामियासाठी आईच्या काफ्तानासारखीच मखमल घ्यायची आहे, म्हणून रंग अगदी तोच यायला हवा. फोनवर नको, पडद्यावर तो दर वेळी वेगळा दिसतो. शिंपी थांबला आहे."

झुलेखा, माझी बहीण, आता नाही. तो फोटो मात्र माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. डोक्यावर सोनेरी टोपी, गळ्यापासून कमरेपर्यंत मोत्यांच्या माळा, आणि त्यांच्या मागे गडद लाल काफ्तान, नवरीचा मखमली पायघोळ झगा. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर जुने फोटो छापण्यासाठी मी एक प्रिंटर घेतला होता, पण त्याची शाई संपली होती. कंपनीची कार्ट्रिजं आमच्या तिलिमसान गावात क्वचित मिळतात, आणि मिळाली तर किंमत ऐकून माणूस पायरीवरूनच परततो. म्हणून शुक्रीच्या दुकानात गेलो. त्याने पुन्हा पुन्हा भरता येणारी, सहा रंगांसाठी सहा पारदर्शक कार्ट्रिजं काढून दाखवली.

"हे घ्या सी गौती," तो मानाचं 'सी' लावून म्हणाला. "एकदा घ्या, जन्मभर भरत बसा."

"पण शाई कोणती भरू?"

"ही चकचकीत, ही टिकाऊ. चकचकीत भरलीत तर नवरी लाजलेली दिसेल, पण वर्षभरात फिकी पडेल. टिकाऊ भरलीत तर रुसलेली दिसेल, पण तुमच्या माघारीही रुसलेलीच राहील."

"खरा रंग कशाने येईल?"

शुक्रीने हात शर्टाला पुसले. त्या शर्टाला आधीच सगळे रंग लागले होते. "ते तुम्ही ठरवा. शिकलेले तुम्ही आहात."

मला ठरवता आलं नाही. चकचकीत घेतली, दोन दिवसांनी टिकाऊ घेतली, मग दुसऱ्या दुकानातून तिसरीच. सिरिंजने भरायची, रबरी बूच लावायचं, हवेचं भोक उघडं ठेवायचं. भोक उघडायला विसरलो की शाई उतरेना, बूच सैल राहिलं की सगळी टेबलावर. नखांत गुलाबी, मनगटावर निळी. पावाला हात लावला की पाव डागाळायचा, आणि तो खाताना जिभेवर औषधासारखी कडवट चव यायची. मशिदीच्या नळावर हात चोळचोळून धुतले तरी डाग जाईनात. शेजारचा म्हातारा म्हणाला, "सी गौती, या वयात कोणाच्या लग्नाची मेंदी?" सगळे हसले. मी बाही खाली ओढली.

एक दिवस प्रिंटर घरघरून थांबला. बाजूचं झाकण उघडून पाहिलं. यंत्राच्या प्रत्येक सफाईत फुकट जाणारी शाई आत एका स्पंजात मुरत होती. तो स्पंज फुगला होता, बुळबुळीत झाला होता, आंबूस वास मारत होता. एवढे रंग मी निवडून, तोलून भरले होते, आणि आत त्यांचा गटारातला गाळ झाला होता. दुपारी हरीऱ्याचं दाट सूप समोर आलं तर त्या वाटीतही मला तोच रंग दिसला. वाटी सरकवून दिली आणि स्पंज धुऊन परत बसवला.

छापलेले पाच फोटो गच्चीवर दोरीला चिमट्यांनी लावले, उन्हात कोणता तग धरतो ते पाहायला. एकात काफ्तान कच्च्या काळजासारखा, एकात सुकलेल्या रक्तासारखा. एका झुलेखाचा चेहरा हिरवट, मेलेला. दुसरीचा तापाने फुललेला. बघवेना.

पलीकडच्या गच्चीवरून लल्ला रहमूना, म्हणजे रहमूनाबाई, ओरडली. एके काळी गावातल्या अर्ध्या नवऱ्या तिने सजवल्या होत्या. काफ्तान आणि मोती तीच भाड्याने द्यायची, आणि त्यावर तिने दोन घरं बांधली होती.

"बहिणीला फाशी दिलीत का हो?"

खाली येऊन मूळ फोटो भिंगाखाली धरला, पाचांतला जवळचा लाल कोणता ते ठरवायला. आणि दिसलं की लाल रंग काफ्तानाबाहेर गेला आहे. एका मोत्यावर, एका बोटाच्या टोकावर. कडेला कुंचल्याचा केससुद्धा चिकटला होता. फोटो काळापांढराच होता, वरून रंगवलेला. इतकी वर्षं मला ते कळलं नव्हतं. शिसारी आली, फोटोची नव्हे, माझीच.

परत गच्चीवर गेलो. "लल्ला, झुलेखाचा काफ्तान तुमचाच होता ना?"

"मग कोणाचा? काफ्तान माझे, मोती माझे, रडणं तेवढं नवरीचं."

"लाल होता?"

"लाल मी कधी ठेवलाच नाही. ओरान शहरातला तो फोटोवाला सगळ्यांना लाल फासायचा. गाल, ओठ, मखमल, एकाच कुंचल्याने. मेला आळशी."

"मग कोणत्या रंगाचा?"

"हिरवा असेल. जांभळा असेल. कसरीने खाल्ला तो, आता काय सांगू? तुम्ही भाऊ ना? तुम्ही कुठे होतात?"

"पुरुषांची बैठक वेगळी, शेजारच्या घरात होती. मी माडीवर होतो. वाचत."

"मग वाचा आता," ती म्हणाली आणि कपडे झटकू लागली.

दोरीवरचे फोटो काढून मी चुलीत घातले. शुक्रीकडून फक्त काळी शाई आणली, टिकाऊ.

"बाकी पाच रंग?"

"नकोत."

"रुसलेली दिसेल, सांगून ठेवतो."

संगणकावर फोटोतला लाल काढून टाकला आणि छापला. ओठांवरचा रंग गेल्यावर कळलं, फोटोवाल्याने ओठांचे कोपरे वर उचलून रंगवले होते. त्या रंगाखाली झुलेखा हसत नव्हती. लाजतही नव्हती. त्या मोत्यांच्या ओझ्याखाली तिला साफ वीट आला होता. ओठ घट्ट मिटलेले, नाक किंचित मुरडलेलं. लहानपणी माशाचं तेल पाजताना ती अशीच बघायची. मी बराच वेळ तो फोटो हातातून खाली ठेवला नाही.

मग लिहिलं: "विदाद, उशीर झाला. तुझ्या आईचा काफ्तान लाल नव्हता, आणि कोणता होता ते कोणालाच आठवत नाही. मीही पाहिला नाही. शिंप्याला ताटकळत ठेवू नकोस. मखमल लामियाला आवडेल त्या रंगाची घ्या, आणि मोती तिला पेलतील तेवढेच घाला. फोटो सोबत आहे. आई अशी दिसत होती."

पोस्टातल्या बाईने माझ्या बोटांकडे पाहिलं, पाकीट दोन बोटांनी कोपऱ्याला धरलं, शिक्का मारला आणि टपालाच्या पोत्यात टाकलं.