भागीरथीमावशींचा व्हिडिओ

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. घ्या, इथेच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात! कोणी विचारतं, "म्हणजे मालिश का?" कोणी पोराचा बायोडाटाच हातात देतं, त्यांना वाटतं मी नोकऱ्या लावते. शहापुरात हे समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला. अहो, आजारपणानंतर माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत, म्हणून शिकवते मी. आंघोळ, स्वयंपाक, शिवण, शेत, ज्याचं जे असेल ते. यात न कळण्यासारखं काय आहे?

म्हणून तालुक्याच्या सभागृहात कार्यक्रम ठरला तेव्हा मी इरेलाच पेटले. सरपंच, मुख्याध्यापक, शाळा समित्यांचे अध्यक्ष, सगळे येणार होते. तालुक्याला आमच्या व्यवसायातलं एक कायमचं माणूस हवं, हे त्यांच्या गळी उतरवायचं होतं. नुसत्या भाषणाला कोण भीक घालतं? मी भागीरथीमावशींचा व्हिडिओ लावला.

मावशी तानसाकडच्या. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. अर्धांगवायूने उजवा हात गेला आणि सुनेने, रुपालीने, त्यांना खाटेवर बसवून ठेवलं. मायेनेच हो, पण बसवलं. मी त्यांना डाव्या हाताने कांदा चिरायला शिकवलं. टोपाखाली ओलं फडकं ठेवलं की तो सरकत नाही, जड टोप उचलायचाच नाही, छोट्या भांड्याने ओतायचं, असं सगळं. बाई जिद्दीची! शाळा उघडली तेव्हा पुन्हा चुलीपुढे उभी.

व्हिडिओत आधीचं आणि नंतरचं दोन्ही होतं. आधी टोप निसटतो, डाळ जमिनीवर सांडते, मावशी पदरात तोंड लपवून रडतात. नंतर त्याच मावशी हसत खिचडी वाढतात. रडण्याचा भाग मी मुद्दाम लांबवला, लोकांच्या काळजाला हात घालायचा होता ना! शूटिंग करताना मी विचारलं होतं. मावशी म्हणाल्या होत्या, "काढ गो बाय, तुझ्या कामाला येत आसल तर." कुणापुढे लावणार ते मी सांगितलं नाही.

सभागृहात लोक हळहळले, मग टाळ्या पडल्या. मी हवेत! त्या गर्दीत मावशींच्याच शाळा समितीचे अध्यक्ष महादूभाऊ बसले होते. त्यांनी मोबाइलवर नेमका पहिला अर्धा भाग घेतला आणि तो गावच्या ग्रुपवर पडला. मावशींचा आजार गावाला ठाऊक होता, पण टोप हातातून सुटताना कुणी पाहिला नव्हता. तो मी दाखवला. गरम खिचडी पोरांच्या अंगावर सांडली तर काय, असं आयाबाया विचारू लागल्या. समितीने मावशींना घरी बसवलं आणि चुलीपुढे गावातल्याच दुसऱ्या बाईला, जनीला, उभं केलं.

रुपालीचा फोन आला. "ताय, काय करून ठेवलंत हो हे! आत्या जेवत नाय."

तशीच रिक्षा करून गेले. शाळेत महादूभाऊंशी तावातावाने भांडले, व्हिडिओचा उरलेला भाग दाखवला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताय, आमचं काय वैर नाय. काकींनी आमच्यासमोर करून दाखवावं. मंग आमी काय बोलणार नाय."

"दाखवतील की!" मी म्हणाले.

मावशींना विचारलंच नाही. माझ्या जिभेला हाडच नाही.

मावशी आल्या. स्वयंपाकखोलीच्या दारात ही गर्दी, त्यात दोघातिघांचे मोबाइल वर. चूल अनोळखी झालेली, भांडी जनीने आपल्या सवयीने लावलेली. असं कुणी टक लावून पाहिलं की लुळा हात आणखी आखडतो, हे मला कळत होतं. त्याचं शिक्षण घेतलंय मी! सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं. पण माझीही नजर त्यांच्या हातावरच, आता करतील, आता सगळ्यांची तोंडं बंद होतील. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान डोलावली, काय सांगू!

डावा हातही थरथरायला लागला. भांडं कलंडलं, डाळ चुलीत गेली, धूर झाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले तरी असते.

"राहू द्या काकी," महादूभाऊ हळूच म्हणाले. "आता आराम करा."

परतताना मी मावशींचा हात धरायला गेले. त्यांनी सोडवून घेतला.

"मावशी, चुकलं माझं. मी पुन्हा बोलते त्यांच्याशी, मी..."

"नको गो. तुझं काम लोकांना कळाया पायजे व्हतं, तुला घाई व्हती. कळलं मला." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. अंगणात येऊन त्या त्याच जुन्या खाटेवर बसल्या. लुळा हात मांडीवर ओढून घेतला. "आता उद्या सकाळी उठून मी काय करू, तेवढं सांग."