बाईंच्या कमरेचं माप

मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा मी पुरी साठ इंचांची होते. आता एकोणसाठ उरले आहे. मी शिवणकामाची जुनी टेप. अंगाने पिवळी, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. वय विचारू नका. माझ्यावरचे सोळा, सतरा, अठरा हे आकडे बोटांनी घासून पुसट झालेत, त्यावरून काय ते समजा. पण एक गोष्ट ठणकावून सांगते. मी आयुष्यात कधी खोटं माप दिलेलं नाही. तरीही एकदा माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. त्या वेळी एका बाईचा जीव धोक्यात होता आणि ते माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. ती हकिकत ऐका.

माझा जन्म अगदी साधा. कापडाच्या लांब पट्टीवर रंगाचा लेप दिला, आकडे छापले, कापलं, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या, झालं. एका गोल डबीत बसून मी दुकानात आले आणि तिथून शिवणबाईंच्या गळ्यात पडले. हो, गळ्यातच. बाई सकाळी दुकान उघडायच्या आणि पहिलं मला गळ्यात घालायच्या. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. खिडकीशी दोन मशीन, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा. दुसऱ्या मशीनवर बाईंची धाकटी नणंद बसायची. काजं करणं, बटणं लावणं, हात शिलाई ही तिची कामं. तोंड मात्र मशीनपेक्षा जोरात चालायचं.

मी काय काय मोजलं म्हणून सांगू! गणवेश, कोट, झगे, पडदे, एकदा तर एका हौशी माणसाच्या कुत्र्याचं जाकीट. कंबर मोजताना सगळी माणसं पोट आत ओढतात, लहानथोर, एकजात सगळी. बाई त्यांना बोलण्यात गुंतवायच्या. गिऱ्हाईक हसलं की श्वास सुटायचा आणि त्याच क्षणी बाई माझ्यावरचा आकडा टिपायच्या. म्हणून तर बाईंच्या हातचा कपडा कधी उसवला नाही. लोक बाईंचं कौतुक करायचे. माझं कोणी नाव घेत नव्हतं, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

एकदा घाईत कापड कापताना कात्री माझ्यावरून गेली. पहिला इंच टोपीसकट टेबलाखाली! नणंद म्हणाली, "वहिनी, टाक ती आता."

"टाकते कशाला? हिच्याशी हात बसलाय माझा. एक वजा करायचा, बस."

तेव्हापासून बाई मापातून एक वजा करू लागल्या. मी तेहेतीस दाखवलं की वहीत बत्तीस. इतकी सवय झाली की बोलता बोलता त्यांचं ते होऊन जायचं.

त्या वर्षी बाईंच्या पुतणीचं लग्न ठरलं, वर्षभर पुढचं. बाईंनी स्वतःसाठी निळ्या कापडाचा छान अंगासरसा कोट शिवायला घेतला. स्वतःचं माप घेतलं, वहीत लिहिलं, कंबर बत्तीस. तीन आठवड्यांनी कच्ची शिलाई घालून कोट अंगावर चढवला, तर कमरेशी मिटेना. बाईंनी मला पुन्हा गुंडाळलं. मी चौतीस दाखवलं. एक वजा, तेहेतीस.

"पहिल्या वेळी दोन वजा झाले असणार," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी बाजूची शिवण उसवली.

आणखी दोन आठवड्यांनी मी पस्तीस दाखवलं. मग छत्तीस. म्हणजे कंबर पस्तीस! बाईंनी मला टेबलावर आपटलं.

"ही मेली ताणली गेलीय."

मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, ताणलेल्या टेपवरचे आकडे लांब लांब जातात. ती माप कमी दाखवते, जास्त नाही! तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण माणसाला नको असलेलं खरं समोर आलं की ते कोणाच्या तरी माथी मारायचं असतं. त्या दिवशी माझं डोकं सापडलं. मी खणात गेले, गंजलेल्या सुया आणि तुटक्या बटणांच्या शेजारी. बाईंच्या गळ्यात नवी कोरी टेप आली.

खणाच्या फटीतून मला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. बाई डबा अर्धा ठेवायच्या. "दोन घासांत पोट भरतं गं," म्हणायच्या. एक कॉलर लावून होईपर्यंत दोनदा मोरीकडे जाऊन यायच्या. दुपारी ओटीपोटावर हात दाबून बसायच्या. नणंदेने विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही गं, गॅस झालाय."

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना होता. माणूस वाईट नव्हता, पण बाहेर बाकावर पंधरा जण बसलेले असायचे. पहिल्यांदा त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा म्हणाले, "पाळी जायचं वय आहे, असं होतं. जेवण कमी करा, चाला." बाई परत आल्या आणि हसत म्हणाल्या, "जेवण कमी करा म्हणे! आता याहून कमी म्हणजे ताटाचा नुसता वास घ्यायचा."

नणंद हसली नाही. तिने निळा कोट बाईंच्या अंगावर चढवला आणि भोवती एक फेरी मारली. खांदे उतरत होते. बाही दंडावर लोंबत होती. कमरेशी मात्र चार बोटं कमी पडत होती.

"वहिनी, नव्या टेपने मोज."

नवी टेप म्हणाली पस्तीस. एकही वजा न करता, पस्तीस.

मग नणंदेने खण उघडून मला बाहेर काढलं. टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली होती, तिच्यावर मला आडवं ठेवलं आणि एकेक आकडा पट्टीशी ताडून पाहिला. मी केसभरही हलले नव्हते. तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, बघा! बघा!

"टेप बरोबर आहे," नणंद म्हणाली. तिने वही पुढे ओढली. "वही बरोबर आहे. मग तुझ्या पोटात काय आहे, वहिनी?"

बाईंनी कोट उतरवून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "माझी आई अशीच गेली. पोट फुगलं होतं, हातपाय काड्या. सगळे म्हणाले, वय झालं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिने."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारायची वाट कशाला बघतेस? तूच सांग की!"

त्या दोघींनी मग एक कागद घेतला. वहीतून तारखा काढल्या आणि प्रत्येक तारखेपुढे कंबर लिहिली. खाली दंड, खांदा, छाती. त्याखाली, किती घास जातात, किती वेळा लघवीला जावं लागतं, कुठे दुखतं, किती आठवड्यांपासून. सगळ्यात खाली आईचं. बाई निघाल्या तेव्हा त्यांनी नवी टेप खुंटीला लावली आणि मला गळ्यात घातलं. सवयीने म्हणा, पश्चात्तापाने म्हणा. मी काही विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर नेहमीप्रमाणे लिहायला लागले. "गोळ्या बदलून देतो."

"नको," बाई म्हणाल्या. त्यांच्या छातीतली धडधड मला ऐकू येत होती. "आधी हा कागद वाचा."

"बाई, बाहेर गर्दी आहे. वयानुसार थोडं जाड होतंच माणूस."

"डॉक्टर, औषधं तुम्हाला कळतात. मापं मला कळतात. माणूस जाड होतो तेव्हा दंडही भरतो. माझा दंड एक इंच उतरलाय आणि कंबर तीन इंच चढलीय, दोन महिन्यांत. हे जाड होणं नाही. मला पोटाची सोनोग्राफी लिहून द्या. आणि गरज नाही असं वाटत असेल, तर ती का गरज नाही, तेवढं याच कागदावर लिहून सही करा."

एवढं ठणकावून बाई गिऱ्हाइकाशीसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कागद उचलला. आधी वरवर, मग सावकाश वाचला. आईच्या ओळीशी थांबले. "हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले, मग स्वतःच मान हलवली. "मीच विचारायला हवं होतं." त्यांनी सोनोग्राफी लिहिली, रक्ताची तपासणी लिहिली आणि मोठ्या रुग्णालयात स्वतः फोन लावला. शाब्बास माझी बाई! मला दोन्ही टोकांनी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मित्रांनो, बाईच्या ओटीपोटात दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. बाईंच्या डाव्या अंडाशयात पपईएवढी गाठ वाढली होती. गाठ कर्करोगाची होती. हा आजार मोठा लबाड असतो. कधी काहीच जाणवू देत नाही, तर कधी गॅस, थकवा, वय अशी रोजची नावं घेऊन येतो आणि लोक त्याला घरात घेतात.

ऑपरेशनच्या दिवशी मी नणंदेच्या मुठीत होते. तिने मला इतकं पिळलं की मी खरोखरच ताणले जाते की काय असं वाटलं. पाच तासांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "गाठ एकाच अंडाशयात होती. बाहेर कुठे पसरलेली दिसली नाही. खूप वेळेवर आलात." पुढच्या तपासण्यांतूनही तेच ठरलं. नणंद तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तुमचा कोट खांद्यात फार ओढतोय, पाठवून द्या, नीट करून देते." आनंदात माणूस काय बोलेल याचा नेम नाही.

पुढचे काही महिने सोपे नव्हते. सलाईनमधून कडक औषधं झाली. केस गेले. बाईंनी उरलेल्या कापडांच्या बावीस टोप्या शिवल्या, त्यातल्या वीस त्याच वॉर्डातल्या बायकांना वाटल्या. निळा कोट पुन्हा उसवून बेतला, कंबर एकतीस. लग्नात तो घालून बाई नाचल्या. पाय दुखेपर्यंत नाचल्या आणि नवऱ्या मुलीपेक्षा जास्त फोटो त्यांचेच निघाले.

त्याला आता सहा वर्षं झाली. तपासणीला बाई न चुकता जातात, आणि परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं उत्तम आहे. आता वर्षाने या." बाईंनी आपल्या लेकीलाही आजीच्या आजारासकट सगळं सांगायला डॉक्टरांकडे नेलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी तर टेबलावर एक पाटी लावली आहे, "घरात कोणाला कोणता आजार होता, ते मला आठवणीने सांगा."

काल एक शिक्षिका गणवेशाचं माप द्यायला आल्या. मी त्यांच्या कमरेला वेढा घालत होते, तोच त्या म्हणाल्या, "जरा सैल ठेवा हं. हल्ली पोट फुगतं. काही नाही, गॅस."

बाईंनी टाचण्या खाली ठेवल्या.

"किती दिवसांपासून?"

"असतील तीन-चार आठवडे."

"रोज?"

"जवळजवळ रोजच. पण सांगायचं काय त्यात?"

"बसा," बाई म्हणाल्या आणि पडद्याच्या आतच त्यांना स्टूल दिलं. "बहुतेक वेळा ते साधंच निघतं. पण साधं आहे हे तपासून कळू दे, अंदाजाने नको. कागद आणते, आधी लिहून काढू." त्या दिवशी माप अर्धंच राहिलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, मला फक्त बाहेरून मोजता येतं. आत काय दुखतं ते ज्याचं त्यालाच कळतं, आणि ते त्याने बोलून दाखवावं लागतं. तुमच्या घरी आई असेल, मावशी असेल, आजी असेल. आज तिला विचारा, "तू बरी आहेस ना?" ती म्हणेल, "काही नाही रे, जा, अभ्यास कर." तेव्हा जाऊ नका. तिच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा.