एका 'इंग्गिह'आधीची शांतता

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा काळा साबणाचा डबा इथे कुणी ठेवला? पण मी डबा नाही. मी कॅसेटवर आवाज टिपणारा जुना रेकॉर्डर आहे. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात, एका कचेरीच्या कुलूपबंद खणात पडून असतो. सोबतीला एक गंजलेली टाचणी.

कारखान्यात माझ्यात चाकं बसवली, तेव्हा पहिल्यांदा ऐकला तो तपासणाऱ्या बाईंचा खोकला. पुढे बू हस्तुतींनी मला विकत घेतलं. तिथे मुलं आईलाही बू म्हणतात आणि कुठल्याही मोठ्या बाईलाही. मुलांच्या मनाला काय खुपतं, याचा त्या अभ्यास करत. गावोगाव जाऊन चाळीस प्रश्न विचारत, कागदावर खुणा करत आणि मला रुमालाखाली झाकून ठेवत. तरी मुलांना कळायचंच. "ए, पादू नकोस, डबा ऐकतोय!" असं म्हणून ती खिदळायची. किती छान दिवस होते ते! सगळे माझ्याजवळ बोलत. माझ्याशी मात्र कुणीच बोलत नसे.

एकदा आम्ही निंगरुमकडे गेलो. ती अकरा वर्षांची होती. तिची आई तीन वर्षं हाँगकाँगला घरकामाला होती. आजी अंगणातूनच म्हणाली, "हिला काय विचारायचंय? हाक मारली की उठते, ताट चाटूनपुसून ठेवते. पोर असावं तर असं!"

बूंनी विचारलं, "झोप लागते?"

"इंग्गिह."

"जेवण जातं?"

"इंग्गिह."

इंग्गिह म्हणजे हो. पण मोठ्यांसमोर त्याचा अर्थ बहुधा 'ऐकलं बरं का' एवढाच. मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, हे तिथे बाळ चालायच्या आधी शिकतं.

"कधी अगदी एकटं वाटतं?"

माझी चाकं फिरत राहिली, फिरत राहिली. बू खाली मान घालून कागदावर तारीख घालत होत्या. मग आवाज आला, "इंग्गिह."

कचेरीत दार्यो नावाचे त्यांचे सहकारी हसले. "बू, चाळीस प्रश्नांना चाळीस इंग्गिह! तू बेडूक आहेस का विचारलं असतं, तरी इंग्गिहच म्हणाली असती. टाका तो कागद बाद. कॅसेट पुसून पुन्हा वापरू."

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. कुणी कळ दाबल्याशिवाय मला तोंड नाही. यापेक्षा मोठा एकटेपणा मला माहीत नाही.

"थांब रे, पुसण्याआधी एकदा ऐकते," बू म्हणाल्या. तो प्रश्न आला आणि पुढे काहीच ऐकू येईना. त्यांनी मला एक चापट मारली. "बंद पडला वाटतं मेला!" कळ बंद करणार, तेवढ्यात आत निंगरुमच्या अंगणातल्या कोंबड्या कुरकुरल्या. म्हणजे कॅसेट चालू होती. गप्प होती ती मुलगी. बूंचा हात तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन परत गेल्या, पण पिशवीतून बाहेर काढलं नाही. निंगरुम मागच्या दारी आपल्या ताटातला भात कोंबड्यांना घालत होती. बू तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "माझ्याशी मैत्रिणीशी बोलतेस तसं बोल." आणि गप्प राहिल्या.

खूप वेळाने ती म्हणाली, "आई फोनवर विचारते, बरी आहेस ना? मी इंग्गिह म्हणते. मग ती ठेवते. ती थांबतच नाही."

त्याच आठवड्यात बूंनी तिच्या आईला फोन लावला. एवढंच सांगितलं, "विचारल्यावर थांबत जा." मग फोन निंगरुमच्या हातात दिला आणि बाहेर गेल्या. मी पिशवीत होतो. ती रडत होती आणि बोलत होती. जे बोलली ते मी टिपलं नाही. ते माझं नव्हतंच.

पुढे बू मुलांकडून आधी 'नाही' म्हणायचा सराव करून घेत. "तू बेडूक आहेस का?" "नाही!" मुलं ओरडत.

मग नवी यंत्रं आली आणि मी खणात गेलो. बूंनी ती कॅसेट कुणाला पुसू दिली नाही. ती अजून माझ्या पोटात आहे.

कधी तुम्ही माझी कळ दाबलीत आणि काहीच ऐकू आलं नाही, तर मी बिघडलो असं समजू नका, मित्रांनो. चापट मारू नका. थोडं थांबा.