शेवटच्या सीटचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. डेपोच्या मागच्या कुंपणाशी, गवतात रुतून उभी आहे. "ती बघ भुताची बस" म्हणून तुम्ही लांबूनच बोट दाखवता, ते मला ऐकू येतं. पण तुम्ही जे ऐकलंय ते अर्धंच आहे. उरलेलं मी सांगते.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही. माझे दिवे रस्त्यासाठी होते. मला आतलं ऐकू येतं, वजन कळतं, आणि बाकीचं लोकांच्या बोलण्यातून समजतं. माझ्या चाकांवर पोलादी पाटे बसवले आहेत. कोणी चढलं की ते इवलेसे दबतात, उतरलं की सैल होतात. कोण कुठल्या सीटवर बसलंय, हे मी त्यावरूनच ओळखत आले.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग चकचकीत होता. आमचं गाव म्हणजे एक कॉलेज, आणि त्याच्याभोवती उगवलेलं बाकीचं सगळं. बाजार, मुलींचं हॉस्टेल, कॉलेजचं फाटक आणि डेपो, एवढंच माझं जग होतं. सकाळी माझ्यात पाय ठेवायला जागा नसे. परीक्षेच्या दिवसांत मात्र आत एवढी शांतता, की पानं उलटल्याचा आवाज यायचा. ड्रायव्हरकाका तेव्हा हॉर्नसुद्धा जपून वाजवायचे. आणि सुट्टी लागली की मला मागच्या शेडमध्ये लावून ठेवायचे, कॉलेज उघडेपर्यंत. मग माझ्या आत कोणी फिरकत नसे.

माझ्या छताला एक लांब दोरी होती, पुढे ड्रायव्हरकाकांच्या डोक्यावर घंटी. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला.

शेवटच्या सीटवर रोज एक बाई बसायच्या. ऊन असो, थंडी असो, हातात छत्री. त्यांचा मुलगा याच कॉलेजात शिकायचा. एका सुट्टीत मित्रांबरोबर नदीवर पोहायला गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून त्या रोज माझ्यात बसायच्या, कॉलेजच्या फाटकाशी उठून एकदाच घंटी वाजवायच्या, आणि उतरायच्या मात्र नाहीत. खिडकीतून फाटकाकडे बघत राहायच्या. मग स्वतःच म्हणायच्या, "चला हो. आज नाही दिसत."

एके दिवशी त्या आल्या नाहीत. शेवटची सीट हलकी होती, मला नक्की माहीत आहे. तरी फाटक आलं आणि टण्! एकदाच. काकांनी सवयीने ब्रेक दाबला. कंडक्टरताईंनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातली तिकिटं खाली पडली. संध्याकाळी कळलं, बाई सकाळीच गेल्या होत्या.

मग ते रोजचंच झालं. मेकॅनिक म्हणाला, घंटीची स्प्रिंग ढिली झालीय. त्याने ती बदलली. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पुन्हा टण्. काका निमूट थांबायचे, थोडं थांबून निघायचे. हळूहळू त्याची थट्टा झाली. "आजी, फी भरली का?" असं पोरं मागे बघून ओरडायची. वर्षं गेली, तशी ती छत्री लोक विसरले. "आजी" एवढंच उरलं.

भीती मात्र एकीच्या मनात उरली, ती कंडक्टरताईंच्या. डेपोत बस लावल्यावर शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, कोणी काही विसरलंय का ते बघायचं, हे त्यांचं काम होतं. पूर्वी त्या ते चोख करायच्या. आता अर्ध्यावरूनच परत फिरायच्या. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "आजी, येते हं!" आणि चटकन उतरायच्या. काका हसायचे. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटायचं, पण बसच्या वाटण्याला विचारतो कोण?

मग मुंगी आली. तीन-चार वर्षांची. तिची आई लग्नानंतर राहिलेलं शिक्षण पुरं करत होती. लेकीला पाळणाघरात सोडायचं आणि वर्गात जायचं. मुंगी चढली की माझे पाटे जेमतेम हलायचे, म्हणून मीच मनात तिला मुंगी म्हणायचे. हॉस्टेलच्या मुली तिला या मांडीवरून त्या मांडीवर अशी फिरवायच्या, की कॉलेज येईपर्यंत ती अख्ख्या बसची सैर करून यायची. आई पुढे पुस्तकात डोकं घालून बसलेली, पण दर थोड्या वेळाने हाक यायचीच, "कुठंय ती?" आणि मागून उत्तर, "इथंय, इथंय!"

कंडक्टरताई तिला उचलून दोरी ओढू द्यायच्या. "किती वाजवायची?"

"दोन!"

"दोन म्हणजे काय?"

"चला घरी!"

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी पेपर संपवून सगळ्या दुपारी चढल्या. कोणी हसतंय, कोणी रडतंय, पत्ते देणं-घेणं चाललेलं. मुंगी मागे जाऊन झोपली. मला तेवढं कळलं, कारण शेवटच्या सीटवर चिमूटभर वजन आलं आणि स्थिर झालं. कोणीतरी तिच्यावर ओढणी टाकली.

बाजार आला. आईला तिथे उतरायचं होतं. मुली म्हणाल्या, "ताई, आज राहू दे ना तिला आमच्याकडे. शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी घेऊन जा."

"अगं पण नक्की ना? उतरताना लक्ष ठेवा हं."

"आम्ही एवढ्या जणी आहोत! मुलगी आहे ती, डबा आहे का विसरायला?"

आई उतरली. पायरीवर थोडी थांबली, ते मला कळलं. मग उतरली.

हॉस्टेलशी अर्ध्या मुली पुढच्या दाराने उतरल्या, अर्ध्या मागच्या. पुढच्यांना वाटलं, ती मागच्यांकडे आहे. मागच्यांना वाटलं, पुढच्यांनी उचलली. शेवटची सीट हलकी झाली नाही, मित्रांनो. मला ओरडून सांगायचं होतं. काकांनी गियर टाकला.

सुट्टी लागली होती, म्हणून मला थेट मागच्या शेडमध्ये लावलं. खिडक्या बंद झाल्या. कंडक्टरताई दारात म्हणाल्या, "आजी, येते हं! आता कॉलेज उघडल्यावर." कुलूप लागलं.

वर पत्रा तापलेला. माझ्या आत भट्टी झाली. मुंगी जागी झाली. आधी तिने आईला हाक मारली, मग एकेका मुलीला. मग रडू लागली. शेजारी हवा भरायचं यंत्र धडधडत होतं, त्यात ते रडणं बुडून गेलं. मग ती गप्प झाली, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तेवढ्यात माझ्या शेवटच्या सीटवर आणखी कोणीतरी बसलं.

दार उघडलं नव्हतं. पायरी दबली नव्हती. पण पाटे दबले. जुनं, ओळखीचं वजन. इतकी वर्षं फाटकाशी नुसती घंटी वाजायची, वजन कधी आलं नव्हतं.

टण् टण्.

मेकॅनिक शेडबाहेर जेवायला बसले होते. त्यातला एक म्हणाला, "म्हातारीला सुट्टी नाही वाटतं!"

दुसरा ओरडला, "आजी, कॉलेज बंद झालं! झोपा आता!" आणि सगळे हसले.

टण् टण्. या वेळी हळू.

नळावर तोंड धूत असलेल्या कंडक्टरताईंनी ते ऐकलं. पाणी तसंच वाहत राहिलं.

"दोनदा वाजली," त्या म्हणाल्या.

"मग? आज आजी खुशीत असेल."

"आजी कधी दोनदा वाजवत नाही रे! चावी कुठंय?"

"अहो ताई, निघालात कुठे? भूत घरी न्यायला?"

"भुताचं नंतर बघू. आधी चावी आण!"

त्या धावतच आल्या. कुलूप उघडलं. पायरी दबली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची पावलं अर्ध्यावर थांबली नाहीत. थेट शेवटच्या सीटपर्यंत गेली.

मुंगी घामाने निथळत होती, तिला धड बोलता येत नव्हतं. ताईंनी तिला उचलून सावलीत नेलं, ओल्या फडक्याने पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. तिची आई आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. लेक हॉस्टेलवर नाही हे कळताच तिथून पळत आली होती. लेकीला कवटाळून माझ्या पायरीवर बसली, आणि तिचं थरथरणं माझ्या पत्र्यात उतरलं.

पुष्कळ वेळाने ताईंनी विचारलं, "घंटी कशी गं वाजवलीस? तुझा हात तर पुरत नाही."

"आजीने उचललं."

"कुठल्या आजीने?"

"छत्रीवाल्या." मुंगीने जांभई दिली. "ती म्हणाली एकदा वाजव. पण मला घरी जायचं होतं ना, म्हणून मी दोनदा वाजवली."

ताईंनी वळून माझ्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. हवेचं यंत्र कोणीतरी बंद केलं.

त्या दिवसानंतर कंडक्टरताई रोज शेवटच्या सीटपर्यंत जायच्या. सीटखाली वाकून बघायच्या, सीटवर तळवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आजी, कोणी राहिलं नाही ना?" मग उतरायच्या. नवे कंडक्टर आले, त्यांनाही हेच शिकवलं. हसणाऱ्यांना त्या मुंगीची गोष्ट सांगायच्या, मग कोणी हसत नसे. मुंगीची आई मात्र पुन्हा कधी माझ्यात चढली नाही. थांब्यावर लेकीचा हात घट्ट धरून उभी राहायची आणि मला जाऊ द्यायची. मी तिला दोष देत नाही.

आता ताई नाहीत, काका नाहीत. नव्या गाड्यांत कंडक्टरच नसतो. ड्रायव्हर आरशात एक नजर टाकतो आणि दार लावतो. उंच पाठीच्या सीटमागे झोपलेलं मूल आरशात दिसत नाही, हे त्याला कोणीतरी सांगा. तुम्ही सांगा. आणि उतरताना तुम्हीही एकदा मागे वळून बघा. दप्तरासाठी तर बघताच.

माझी घंटी कोणीतरी काढून नेली, दोरीही. माझं कुलूप गेलं आहे. दार बाहेरून ढकललं की लागतं, पण आतून उघडत नाही. तुमच्यातली धीट पोरं माझ्यात लपायला येतात, ते मला कळतं. नका येऊ रे. लपायला झाडं आहेत, भिंती आहेत. माझ्यात नको.

त्या दिवसापासून शेवटच्या सीटवर एकीचंच वजन आहे. दुपारी, पत्रा तापला की, नसलेली घंटी एकदा वाजते. त्याला भिऊ नका, ती कोणाची तरी वाट बघते आहे. पण कधी इथून जाताना ती दोनदा वाजली, तर हसत उभे राहू नका. मोठ्यांना हाका मारा आणि धावत या. दार उघडा, शेवटच्या सीटपर्यंत या.

भुताचं नंतर बघू.