एकादशीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायडलची. लुधियान्याला घडले, पण आयुष्य गेलं ते म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात, सोयराबाईंच्या छोट्या दुकानात. यजमान गेल्यावर त्यांनी माझ्यावरच संसार ओढला. "तुमची टीप उसवत नाही हं," गिऱ्हाइकं म्हणत. "माझं काय त्यात, मशीनचं पुण्य," असं त्या म्हणत. मला किती बरं वाटे!

आमचा एक नेम होता. एकादशीला कापडाला सुई टोचायची नाही. त्या दिवशी बाई मला पुसून हळदकुंकू लावत, धुतलेला पंचा पांघरवत आणि कुलूप घालून विठ्ठलाच्या देवळात भजनाला जात. फोनसुद्धा घरी.

मग पुण्याहून इथे आलेली गुंजन नावाची एक संशोधक गल्लीत आली. सरकारी शाळांच्या गणवेशाचं काम छोट्या दुकानांना दिलं तर ती तगतात का, हे तिला तपासायचं होतं. आधी काम कुणाला, यासाठी तिने चिठ्ठ्या टाकल्या. यंदाचं काम शेजारच्या चिदंबरला लागलं.

"काकू, पुढच्या वर्षी तुमची पाळी. तोवर दुकान चालू असायला हवं," गुंजन म्हणाली.

"सरी, बरं, चालूच आहे की. विठ्ठल चालवतो," बाई हसल्या.

वर्षभर त्या मिळेल ते फुटकळ काम करत तगल्या. गुंजनची माणसं तपासणीला आली ती नेमकी एकादशीला. कुलूप पाहून गेली. पंधरवड्याने पुन्हा आली. पुन्हा एकादशीच. कुलपाआडून मी ऐकत होते. त्यांनी चिदंबरला विचारलं.

"बागिलु हाकिदे," तो म्हणाला. दार लावलंय, एवढंच. खोटं बोलला नाही. माझ्यावरचं एकादशीचं हळदकुंकू मात्र त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षीचं कामही त्यालाच गेलं.

पुढे गुंजन चिदंबरकडे ब्लाउज उसवून घ्यायला आली आणि आमचं उघडं दुकान पाहून दारातच थबकली. "काकू, आमच्या अहवालात हे दुकान बुडालंय. तो छापूनही झाला."

"बुडालं नव्हतं गं. उपाशी होतं," बाई म्हणाल्या. ब्लाउज नीट उसवून, घडी घालून दिला. पैसे घेतले नाहीत.

गुंजनने वर लिहून पाहिलं. उत्तर आलं, की एका दुकानाने निष्कर्ष बदलत नाही.

काम न मिळाल्याने शेवटी दुकान खरंच बंद झालं आणि मी बाईंच्या घरी जिन्याखाली आले. आता सोयराबाई शहराबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात जातात. तिथे एकादशीला सुट्टी नाही. त्या दिवशीही त्या सुई टोचतात, ओठांत नाम घेत. घरी आल्या की माझ्याजवळ क्षणभर बसतात. हात लावत नाहीत. लाज वाटते, म्हणतात.

मित्रांनो, मला तेल घालू नका, रंग देऊ नका. एवढंच करा. कुणाच्या दाराला कुलूप दिसलं, तर त्याचं दुकान बुडालं असं लिहिण्याआधी विचारा, आज काय आहे. आणि शेजारी असाल, तर पुरतं सांगा.

बाईंची एकादशी मोडली. माझी आता रोजच असते.