हडपसरहून आणलेला कायतान

हडपसरच्या माळावर सहा दिवस उन्हात पडलेल्या माणसांचा वास कसा असतो, हे पुण्यात कुणाला विचारावं लागत नव्हतं. वारा पूर्वेचा होता. ऐन दिवाळीत होळकरांची फौज पेशवे-शिंद्यांच्या फौजेला तिथे भिडली, पेशवे पळून गेले आणि चंगळ झाली ती माश्यांची. शहराने दारं लावून घेतली, नाकाशी अत्तराचे बोळे धरले आणि ‘फार वाईट झालं हो’ म्हणत फराळाचे डबे रिकामे केले.

पेशव्यांच्या तोफखान्यातला गोलंदाज कायतान त्याच माळावर पडला होता. त्याची बायको शाबेल हिला एकच हवं होतं. नवऱ्याला माती मिळावी, आणि तीही नाल्यापलीकडच्या त्यांच्या इगर्जीच्या, म्हणजे ख्रिस्ती देवळाच्या, आवारातली. तोवर तिच्या घशाखाली घास उतरेना की ओठांवर प्रार्थना येईना. तीन दिवस हातापाया पडल्यावर इगर्जीची प्रेतं वाहणारा इनास तयार झाला, तोही दारू ढोसून.

“ओळखू कसा? तिथे सगळ्यांची तोंडं भोपळ्यासारखी झालीत,” तो म्हणाला.

“गळ्यात मारियामातेचा ताईत असेल. कापडाचे दोन चौकोन, लाल दोऱ्याने मीच शिवलेत.”

ख्रिस्ती गोलंदाज असा ताईत घातल्याशिवाय तोफेवर जात नसे. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात तो असेल, असं शाबेलच्या मनात आलं नाही आणि इनासच्याही नाही. त्याने ताईत पाहिला, प्रेत घोंगडीत गुंडाळलं, आवारात आणून टाकलं आणि कोपऱ्यात ओकायला गेला.

पाद्रीबाबा नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. “बाई, धुऊ नका. आहे तसाच पुरू.”

“नवरा आहे माझा,” शाबेल म्हणाली आणि तिने घोंगडी उलगडली.

किळस म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. पाण्याबरोबर कातडी सुटून येत होती. नाकपुड्यांत अळ्या वळवळत होत्या. ती बाजूला जाऊन ओकली, तोंड पुसून परत बसली आणि पायांवर पाणी ओतताना थबकली. कायतानच्या डाव्या पायाची दोन बोटं कधीच तोफेच्या चाकाखाली गेली होती. या पायाला पाचही बोटं होती. गळ्यातला ताईत मात्र तिच्याच लाल दोऱ्याने शिवलेला होता.

तिने प्रेताच्या कंबरेची थैली उघडली. त्यातून नथी निघाल्या, अंगठ्या निघाल्या, त्यातली एक बोटासकट. बोट बाईचं होतं. हा मेला होळकरांचा लुटारू स्वार होता! वाटेत बायाबापड्यांना ओरबाडून आलेला, मेलेल्या कायतानलाही नागवून पुढे गेलेला आणि पुढच्याच गोळीला मेलेला. शाबेल त्याच्यावर थुंकली.

तिने नुसतं तोंड उघडायचा अवकाश, इनासने त्याला तंगडीला धरून नाल्यात फेकलं असतं. बाप्तिस्मा नसलेल्यासाठी ही माती नव्हतीच. ती हाक मारणार, एवढ्यात तिची नजर पुन्हा ताईतावर गेली. सोनं सगळं थैलीत होतं. कवडीमोलाची ही चिंधी तेवढी त्या नीच माणसाने गळ्यात घातली होती. कशाला? कुठे विकली जाणार होती ती? भ्याला होता. समोर तोफा धडाडत होत्या, आणि भीतीपोटी त्याने मेलेल्या शत्रूचा देव गळ्यात अडकवला होता. ताईत शिवताना शाबेल तरी दुसरं काय करत होती?

तिने पुन्हा घागर उचलली. किळस काही गेली नाही. दातओठ खात तिने त्याला डोक्यापासून नखांपर्यंत धुतला. ते तुटकं बोटही धुतलं आणि त्याच्या छातीवर ठेवलं. वरून चादर ओढताना तिच्या तोंडून ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ सुरू झालं आणि न अडखळता शेवटापर्यंत गेलं.

खड्ड्यापाशी पाद्रीबाबांनी कायतानचं नाव घेतलं. तिने खड्ड्यात मूठभर माती टाकली. माती लोटून इनास निघून गेल्यावर मात्र तिने त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांचा रुमालाचा हात खाली आला.

“उद्या पुन्हा माणसं पाठवतो हडपसरला,” ते म्हणाले.

“नको, पाद्रीबाबा. देवाने हा माझ्या हातात दिला. माझाही कुणाच्या तरी हातात दिलाच असेल.”